पीसीओएसच्या तपासणीत टेस्टोस्टेरॉन ‘नॉर्मल’ आले, पण एलएच मात्र एफएसएचच्या दुपटीहून जास्त आहे. याचा अर्थ काय घ्यायचा?

तुम्ही दिलेली माहिती आधी एकत्र मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. पीसीओएस म्हणजे संप्रेरकांचे संतुलन बिघडण्याचा, अंडाशयांशी संबंधित विकार. तुमचे वय 24 आहे, पाळी 50 ते 60 दिवसांनी येते, हनुवटीवर आणि वरच्या ओठावर जाड केस येतात आणि डोक्यावरचे केस गळतात म्हणून तुम्ही रोज 10 मिलिग्रॅम बायोटिन घेता. अहवालात एलएच 11.2, एफएसएच 5.1 (ही दोन्ही अंडाशयांचे काम चालवणारी पिट्युटरी ग्रंथीची संप्रेरके), एकूण टेस्टोस्टेरॉन (पुरुषी संप्रेरक) 46, प्रोलॅक्टिन (दूध तयार करवणारे संप्रेरक) 29, टीएसएच (थायरॉइडची तपासणी) 2.8, एएमएच (अंडाशयांतील बीजकोशांचे संप्रेरक) 7.4 आणि उपाशीपोटी साखर 92 आहे. तुमच्या मावशींच्या मते एलएच दुप्पट म्हणजे पीसीओएस नक्की, तर तुमच्या मैत्रिणीच्या मते टेस्टोस्टेरॉन नॉर्मल म्हणजे पीसीओएस नाहीच. मी बडोद्यात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये जीवरसायन विभागात काम करते. निदान करणे आणि औषध देणे हे तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांचे काम आहे. हे आकडे कशामुळे बदलतात आणि त्यांवर कितपत विसंबावे, एवढे मी सांगू शकते.

एलएच आणि एफएसएचच्या प्रमाणाची चिंता करू नका. एलएच रक्तात सलग सारखे वाहत नाही, ते थोड्या थोड्या वेळाने झोताने सुटते, त्यामुळे त्याच दिवशी तासाभराने रक्त घेतले असते तर वेगळा आकडा येऊ शकला असता. पीसीओएस असलेल्या अनेक स्त्रियांमध्ये हे प्रमाण अगदी साधारण असते. म्हणूनच 2003 च्या रॉटरडॅम निकषांमध्ये आणि 2023 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये निदानासाठी त्याला स्थान नाही. मावशींनी ऐकलेली गोष्ट जुनी आहे, आणि आजही अनेक अहवालांवर हे प्रमाण छापलेले असते म्हणून ती टिकून राहिली आहे.

निकष तीन आहेत: पाळीची अनियमितता, पुरुषी संप्रेरकांचा अतिरेक, मग तो अंगावर दिसो वा रक्तात सापडो, आणि सोनोग्राफीत दिसणारी विशिष्ट अंडाशये किंवा, प्रौढ स्त्रीच्या बाबतीत, वाढलेले एएमएच. यांपैकी दोन असतील आणि तशीच लक्षणे देणारे दुसरे आजार तपासून बाजूला सारले असतील, तर निदान होते. तुमची पाळी अनियमित आहेच. चेहऱ्यावरील केस तपासून डॉक्टरांनी दुसरा निकष मान्य केला, तर रक्तातले टेस्टोस्टेरॉन नॉर्मल असूनही निदान उभे राहते. त्या स्थितीत तुमच्या 7.4 एएमएचचीही निदानासाठी गरज उरत नाही.

आता त्या 46 विषयी, कारण खरा घोळ तिथे आहे. रक्तातले बहुतेक टेस्टोस्टेरॉन प्रथिनांना बांधलेले असते आणि जेमतेम 1 ते 2 टक्के मोकळे फिरते. घट्ट बांधून ठेवणारे मुख्य प्रथिन एसएचबीजी होय, आणि शरीरात इन्शुलिन जास्त असले की यकृत ते कमी बनवते. तुमचे 46 नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजे सुमारे 1.6 नॅनोमोल प्रति लिटर. याला एसएचबीजीने भागून 100 ने गुणले की ‘फ्री अँड्रोजेन इंडेक्स’, म्हणजे मोकळ्या पुरुषी संप्रेरकाचा अंदाज, मिळतो. समजा तुमचे एसएचबीजी 70 नॅनोमोल प्रति लिटर असले, तर तो 2.3 येईल आणि त्यात विशेष काही नाही. पण तेच 25 असले, तर तो 6.4 होईल, आणि साधारण 5 च्या वरचा आकडा बहुतेक ठिकाणी वाढलेला धरतात. म्हणजे तोच 46 एकीकडे निर्धास्त करणारा आणि दुसरीकडे वाढलेल्या अँड्रोजेनची खूण ठरतो. तुमच्या अहवालात एसएचबीजी केलेलेच नाही, आणि मला ही त्यातली सर्वांत मोठी उणीव वाटते. शिवाय प्रतिपिंडे वापरून मोजणाऱ्या नेहमीच्या इम्युनोअसे पद्धती स्त्रियांमधील इतक्या कमी पातळीवर फारशा अचूक नसतात. शक्य असेल तर हे टेस्टोस्टेरॉन मास स्पेक्ट्रोमेट्री या अधिक अचूक पद्धतीने करून घेतलेले चांगले.

बायोटिनची गोष्ट तुम्ही सहज लिहिली आहे, पण ती महत्त्वाची आहे. अनेक यंत्रांवरील चाचण्यांच्या रसायनातच बायोटिन वापरलेले असते. रक्तात बाहेरून आलेले भरपूर बायोटिन असले, तर अशा चाचण्यांत टेस्टोस्टेरॉन खोटे वाढलेले आणि टीएसएच, प्रोलॅक्टिन, एलएच खोटे कमी दिसू शकतात. तुमच्या लॅबची पद्धत यात मोडते का ते विचारा, आणि पुन्हा रक्त देण्यापूर्वी डॉक्टरांना सांगून किमान तीन दिवस गोळी बंद ठेवा. दुसरी गोष्ट पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्यांची. आपल्याकडे गौरी-गणपतीत आणि मग नवरात्रात गरब्यासाठी कितीतरी मुली नॉरएथिस्टेरॉन घेतात आणि लॅबमध्ये ते सांगत नाहीत. या गोळ्यांनी एलएच आणि एसएचबीजी दोन्ही बदलतात. गर्भनिरोधक गोळ्या घेत असाल, तर अँड्रोजेनची तपासणी त्या थांबवून तीन महिने झाल्यावरच विश्वासार्ह ठरते.

प्रोलॅक्टिन 29 ही किंचित वाढ आहे. सुई टोचण्याची भीती, नुकतेच झोपेतून उठणे किंवा ॲसिडिटीसाठी घेतलेली डॉम्पेरिडोन असलेली कॅप्सूल, एवढ्यानेही ते वाढते. उठल्यावर दोन-तीन तासांनी, थोडा वेळ शांत बसून ते पुन्हा द्यावे. दुसरे आजार बाजूला सारण्यासाठी 17-हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉनही हवे. ते पाळीच्या सुरुवातीच्या दिवसांत सकाळी घेतात आणि 200 नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असले, तर मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथीच्या जन्मजात दोषाची शंका बहुतांशी मिटते. एकूण टेस्टोस्टेरॉन 200 च्या आसपास गेले असते किंवा काही महिन्यांतच आवाज घोगरा झाला असता, तर गाठीचा तातडीने शोध घ्यावा लागला असता. तुमच्याकडे तसे काही दिसत नाही. कोणी तुम्हाला ‘एकविसाव्या दिवशी’ प्रोजेस्टेरॉन करायला सांगितले, तर तो दिवस 28 दिवसांच्या चक्रासाठी आहे, 55 दिवसांच्या चक्रात त्यावरून बीज सुटले की नाही ते ठरवता येत नाही, हे नम्रपणे लक्षात आणून द्या.

उपाशीपोटी साखर 92 आहे म्हणून साखरेचा विषय संपला, असे मात्र मानू नका. 75 ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी घेतलेल्या रक्तात साखर 140 किंवा त्याहून जास्त येणे आणि उपाशीपोटी ती अगदी चांगली असणे, हे एकाच व्यक्तीत सहज घडते. आपल्या दक्षिण आशियाई लोकांत हा धोका अधिक आहे. म्हणून इन्शुलिनची महागडी तपासणी पुन्हा पुन्हा करण्यापेक्षा ही जीटीटी एकदा करून घेण्याविषयी डॉक्टरांशी बोला, आणि त्याच सकाळी एसएचबीजी, टेस्टोस्टेरॉन व प्रोलॅक्टिनही देता आले, तर एकाच फेरीत काम होईल. चिठ्ठीवर शेवटच्या पाळीची तारीख आणि चालू असलेली प्रत्येक गोळी, केसांची आणि ॲसिडिटीचीसुद्धा, अवश्य लिहा.