आवळलेली मूठ: सुरुवात कुठून करायची

ताई, बाबांची मूठ उघडत नाही म्हणून घाबरून जाऊ नका. पॅरालिसिसनंतर मेंदूचा स्नायूंवरचा ताबा सुटतो आणि ते आपोआप आखडतात. बाबा मुद्दाम आवळत नाहीत, त्यामुळे "सोडा ना हात" म्हणून उपयोग नाही.

फिजिओथेरपिस्टकडून (फिजिओ) एकदा समोर बसून शिकून घ्या. सध्या एवढंच:

- बोटांची टोकं धरून ओढू नका. आधी मनगट तळहाताच्या बाजूला वाकवा. बोटं सैल पडतात. मग अंगठा मुळाशी धरून बाहेर घ्या, बोटं उघडा, आणि उघडी ठेवूनच मनगट सावकाश सरळ करा. 20-30 सेकंद धरा. झटका दिला की स्नायू उलट जास्त आवळतो.
- थोडं थोडं, पण रोज दोन-तीनदा. रविवारी तासभर करून भागत नाही.
- उठवताना तो हात ओढू नका, खांदा दुखावतो.

आणि तो मुठीत दाबायचा स्माइली बॉल! भेटायला येणारा प्रत्येकजण सीताबर्डीच्या बाजारातून एक घेऊन येतो. मूठ आधीच आवळलेली, तिला आणखी आवळायला कशाला शिकवायचं? फिजिओ सांगतील तेव्हाच द्या.

आपल्याकडच्या जानेवारीत सकाळी हात जास्तच कडक असतो. आंघोळ झाल्यावर, गॅलरीत ऊन आलं की करा. पाण्याचा गरमपणा तुम्ही बघा, त्यांना चटका कळेलच असं नाही. नखं कापलेली, तळहात कोरडा ठेवा.

स्प्लिंट (हाताला आधार देणारी पट्टी), इंजेक्शनं हे सगळं पुढचं. हात सुजला, लाल झाला किंवा बाबा कळवळले, तर थांबा आणि डॉक्टरांना दाखवा.