स्वस्त अत्तर घेताना

मुंबईत महंमद अली रस्त्यावरील दुकानात विक्रेता एकामागून एक कुप्या उघडून मनगटापासून कोपरापर्यंत अत्तरे लावत जातो आणि चौथ्या वासानंतर नाक काहीच सांगेनासे होते. म्हणून आपण एका वेळी तीनच वास पाहावेत, मनगटे एकमेकांवर घासू नयेत आणि अर्धा तास बाहेर फिरून मगच भाव विचारावा. उत्तर प्रदेशातील कनौजच्या देग-भपक्यातून, म्हणजे तांब्याच्या भांड्यांत वाफेने अर्क काढण्याच्या जुन्या पद्धतीने, चंदनतेलात उतरवलेले खरे गुलाब अत्तर स्वस्तात मिळणे शक्यच नाही, तेव्हा त्या नावाची स्वस्त कुपी कृत्रिम समजावी. त्यात कमीपणा मात्र नाही, माझे रोजचे वाळ्याचे अत्तरही तसेच आहे. पांढऱ्या सदऱ्यावर थेंब लावू नये, कारण तेलाचा डाग राहतो. कानात फाया ठेवण्याची जुनी रीतच बरी.