वाचक विचारतात : घरची आघाडी आणि महापालिकेचं गणित

कोल्हापूर महापालिकेतल्या स्थानिक आघाड्यांबद्दल आलेल्या पत्रांपैकी काही प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : २०१५ च्या महापालिका निवडणुकीत ताराराणी आघाडीचे नेते महादेवराव महाडिक काँग्रेसचे विधान परिषद आमदार होते, मुलगा अमल भाजपचे आमदार आणि पुतणे धनंजय राष्ट्रवादीचे खासदार. घरात एवढे पक्ष असताना वेगळी आघाडी कशाला? (शिवाजी पेठ)

घरात एवढे पक्ष होते, म्हणूनच. तिघांपैकी कुणाही एकाच्या चिन्हावर शहर लढवलं असतं, तर उरलेले दोघे आपापल्या पक्षात अडचणीत आले असते. आघाडीच्या नावाखाली गटाची माणसं एकत्र राहतात आणि मुंबईतल्या पक्षनेत्यांना जाब द्यावा लागत नाही.

दुसरं कारण विधान परिषदेचं. स्थानिक प्राधिकारी मतदारसंघात मतदार असतात ते नगरसेवक आणि जिल्हा परिषद सदस्य. महादेवराव याच मतदारसंघातून १९९७ ते २०१५ आमदार होते. महापालिकेत आपल्या नावावर निवडून आलेला प्रत्येक नगरसेवक म्हणजे तिथलं एक मत. पण हे मत गुप्त असतं, तिथं व्हिप, म्हणजे मत कुणाला द्यायचं याचा पक्षाचा आदेश, चालत नाही. डिसेंबर २०१५ मध्ये काँग्रेसनं उमेदवारी सतेज पाटलांना दिली, महाडिक अपक्ष लढले आणि ६३ मतांनी हरले. त्याआधी दोनच महिने आघाडीचे १९ नगरसेवक निवडून आले होते. आघाडी आपली मतं गोळा करून देते, पण जिल्हाभर जोडण्या लावायला ती पुरत नाही.

तिसरं कारण उमेदवाराच्या सोयीचं. तालमीत, मंडळात सगळ्या पक्षांशी ऊठबस असलेल्या माणसाला पक्षाचा शिक्का नको असतो. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ५,४९,२३६ होती. तेव्हाच्या एकेका सदस्याच्या ८१ प्रभागांत भागली, की एका प्रभागात सरासरी ६,८०० माणसं येतात. एवढ्यात भावकी, गल्ली आणि तालीम यांच्यावरच निकाल लागतो.

प्रश्न : आम्हाला प्रभागापुरती आघाडी काढायची आहे. नोंदणी कुठे करायची? पुण्याला जावं लागतं असं ऐकलं. (कसबा बावडा)

दोन वेगळ्या नोंदण्यांची गल्लत होतेय.

निवडणुकीआधीची नोंदणी राज्य निवडणूक आयोगाकडे, मुंबईत होते. तिथं पक्षाची लेखी घटना आणि पदाधिकाऱ्यांची यादी द्यावी लागते. नंतर दरवर्षी आयकर विवरणपत्र आणि लेखापरीक्षित हिशेब. घरच्या आघाड्या इथंच घसरतात. निवडणूक संपली की कार्यालयाला कुलूप, पुढची पाच वर्षं हिशेब कुणी लिहीत नाही. २०१६ मध्ये आयोगानं याच कारणावरून १९१ पक्षांची नोंदणी रद्द केली. त्यात एमआयएमसारखा विधानसभेत आमदार असलेला पक्षही होता, मग गल्लीतल्या आघाडीची काय कथा. म्हणून पहिल्या दिवशी सनदी लेखापाल नेमा, प्रचारप्रमुख नंतर.

नोंदणी झाली म्हणजे चिन्ह मिळालं असं नाही. राखीव चिन्ह मान्यताप्राप्त पक्षालाच असतं. तुम्हाला मुक्त चिन्हांच्या यादीतून घ्यावं लागेल, आणि सगळीकडे एकच मिळेल याची खात्री धरू नका. पत्रकं छापण्याची घाई नको.

एबी फॉर्मचंही बघून ठेवा. ‘ए’ म्हणजे तिकीट वाटण्याचा अधिकार कुणाला आहे ते कळवणारा नमुना, ‘बी’ म्हणजे अधिकृत उमेदवाराचं नाव. हे दोन्ही नमुने उमेदवारी अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी ३ पर्यंत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या हातात पडले पाहिजेत, शाईच्या मूळ सहीनिशी. झेरॉक्स चालत नाही. नाराज माणूस फुटू नये म्हणून नेते फॉर्म शेवटच्या तासापर्यंत खिशात ठेवतात. मग एका जागेवर दोघांना फॉर्म जातात किंवा प्रभागाचा क्रमांक चुकतो, आणि आघाडीचा माणूस अपक्ष होऊन बसतो.

तुम्ही ऐकलेलं पुणे निकालानंतरचं आहे. महापालिकेतल्या गटाची नोंदणी पुण्याला विभागीय आयुक्तांकडे होते. निकाल अधिसूचित झाल्यापासून एक महिन्याच्या आत पक्ष, गट आणि अपक्ष मिळून आघाडी करू शकतात. ती नोंदवली, की निवडणुकीआधीच्या आघाडीसारखीच धरली जाते आणि पक्षांतरबंदी तिलाही लागू होते. निवडून आलेल्या अपक्षानं हे नीट समजून घ्यावं. या महिन्यात नोंदणीकृत आघाडीत गेला तर चालतं, पण नुसता एखाद्या पक्षात शिरला तर पद जाऊ शकतं.

प्रश्न : पक्षांतरबंदी आमदार-खासदारांसाठी असते ना? आघाडीचा नगरसेवक फुटला तर कोण काय करणार? (राजारामपुरी)

आमदार-खासदारांसाठी राज्यघटनेची दहावी अनुसूची आहे. नगरसेवकांसाठी राज्याचा स्वतंत्र कायदा आहे, १९८६ चा स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियम, आणि त्यात ‘आघाडी किंवा फ्रंट’ असा स्पष्ट उल्लेख आहे. आघाडी स्वतःहून सोडली, किंवा सभेत आदेशाविरुद्ध मत दिलं वा गैरहजर राहिलं, तर अपात्रता येते. नेत्यानं १५ दिवसांत माफ केलं तर विषय मिटतो. नाही तर अर्ज विभागीय आयुक्तांकडे.

प्रकरण कोसळतं ते कागदावर. व्हिप काढायचा अधिकार कुणाला, याचं पत्र गट नोंदवतानाच दिलेलं नसतं. कधी आघाडीप्रमुख एक व्हिप काढतो आणि गटनेता दुसरा. सगळ्यात जास्त घोळ बजावणीत होतो. महापौर निवडीआधी नगरसेवक सहलीवर असतात, घरी कुणी सही करत नाही आणि मतदानाला गाडी थेट सभागृहाच्या दारात येते. मग ‘मला आदेश मिळालाच नाही’ हा बचाव टिकतो. सभेच्या दोन-तीन दिवस आधी व्हिप घरावर पंचांसमक्ष डकवा, फोटो काढा, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या आणि सभागृहाच्या दारातही प्रत हातात द्या. महापौराची निवड हात वर करून होते, त्यामुळे विरोधी मताचा पुरावा इतिवृत्तातच मिळतो.

आघाडी दुसऱ्या पक्षात विलीन झाली आणि दोन तृतीयांश सदस्य तयार असले तर अपात्रता येत नाही. १९ नगरसेवकांत हा आकडा १३ होतो.

प्रश्न : मित्रपक्षाबरोबर एकच गट नोंदवणं फायद्याचं की वेगळं राहणं? (शाहूपुरी)

महापौरपदासाठी फरक नाही, हात तेवढेच. २०१५ चं बलाबल घ्या : काँग्रेस २७, ताराराणी १९, राष्ट्रवादी १५, भाजप १३, शिवसेना ४, अपक्ष ३. बहुमत ४१ चं. काँग्रेस-राष्ट्रवादी ४२, म्हणजे तिथंच विषय संपला.

फरक पडतो खर्चाला मंजुरी देणाऱ्या स्थायी समितीत, आणि कारभाऱ्यांचा जीव तिथंच अडकलेला असतो. (ढपला, म्हणजे कामांतून मारलेला हात, हा शब्द कुठल्या बैठकीभोवती जन्मला, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको.) समितीत १६ जागा, त्या संख्याबळाच्या प्रमाणात. ताराराणीचा वाटा १९ गुणिले १६ भागिले ८१, म्हणजे ३.७५. भाजपचा २.५७. पूर्णांकाच्या जागा वाटून उरलेल्या जागा मोठा अपूर्णांक असेल त्याला आधी, या हिशेबानं वेगळे राहिले तर ४ आणि ३, मिळून ७. एकच गट केला तर ३२ जणांचा वाटा ६.३२, म्हणजे ६. एक जागा गेली. मात्र त्या तीन अपक्षांनी आपला गट नोंदवला, तर त्यांचा वाटा ०.५९ होतो, भाजपच्या ०.५७ च्या वर, आणि भाजपची तिसरी जागा त्यांच्याकडे जाते. तीन अपक्षांच्या दारात मोठमोठ्या गाड्या का थांबतात, ते यावरून समजावं. गट नोंदवण्याआधी कॅल्क्युलेटर घेऊन बसा आणि अपक्षांचे दोन्ही पर्याय मांडून बघा.

प्रश्न : चार सदस्यांच्या प्रभागात अशा आघाडीला भवितव्य आहे का? (फुलेवाडी)

अवघड आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये सभागृहाची मुदत संपली, त्यानंतर प्रशासक आले आणि १५ जानेवारी २०२६ चं मतदान २० प्रभागांत झालं : १९ प्रभाग चार सदस्यांचे, एक पाच सदस्यांचा. जुन्या आकड्यानं धरलं तरी चार सदस्यांच्या प्रभागात २७ हजार माणसं. एका तालमीचा माणूस तिथं पुरत नाही. चार आरक्षणांत बसणारे चार उमेदवार एकत्र लागतात. मतदाराला चार बटणं दाबायची असतात, तेव्हा ओळखीचं चिन्ह कामाला येतं. चौघांची चार मुक्त चिन्हं घरोघर पाठ करून घेणं फार जड जातं. महाडिक घराण्याची शहरातली ताकद आता भाजपमध्ये आहे. धनंजय २०२२ पासून भाजपचे राज्यसभा खासदार आहेत, अमल २०२४ मध्ये पुन्हा कोल्हापूर दक्षिणचे आमदार झाले. घरात एकच पक्ष उरला, की वेगळ्या आघाडीचं पहिलं कारणच जातं.

तरीही चौघांचं पॅनेल करणारच असाल तर राखीव जागेचा उमेदवार आधी ठरवा आणि त्याची जात पडताळणी आधी तपासा. वैधता प्रमाणपत्र मुदतीत न दिल्यानं २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर इथल्या डझनाहून अधिक नगरसेवकांची पदं धोक्यात आली होती. पुढं सरकारनं मुदत सहावरून बारा महिन्यांवर नेली, तेव्हा कुठे ती वाचली. समितीकडचा अर्ज उमेदवारी भरण्याआधी दाखल झालेला असावा आणि त्याची पोच फाइलीत लावलेली असावी.