ओव्हरक्लॉकिंगनंतर डिस्प्ले येत नाही. मदरबोर्ड बदलावा का?

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. माझ्या संगणकात रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड, ग्राफिक्स कार्ड आणि ३२०० वेगाच्या, प्रत्येकी ८ जीबीच्या दोन डीडीआर४ रॅम आहेत. गेम अधिक सुरळीत चालावेत म्हणून मी बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या, मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) रॅमचा वेग ३८०० केला आणि त्याच बैठकीत प्रोसेसरच्या सर्व कोरचा वेग ४.६ गिगाहर्ट्झ केला. तेव्हापासून पंखे फिरतात, दिवे लागतात, पण डिस्प्ले येत नाही आणि मदरबोर्डवर ‘डीरॅम’ असे लिहिलेला छोटा दिवा सतत जळत राहतो. रात्रभर प्लग काढून ठेवला तरी फरक पडला नाही. दुरुस्ती करणारे मदरबोर्ड बदलायला सांगतात. माझ्या प्रकल्पाचे सगळे काम याच संगणकात आहे.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : मदरबोर्डवर इतक्यात पैसे खर्च करू नका. तुम्ही सांगितलेली लक्षणे बोर्ड जळाल्याची नसून रॅमची चाचणी पूर्ण होत नसल्याची आहेत, आणि बहुतेक वेळा हा दोष घरीच, एकही भाग न बदलता दूर होतो. संगणक सुरू होताना विंडोजच्या कितीतरी आधी प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स कार्ड आणि डिस्क अशी एकेका भागाची तपासणी होते, आणि जिथे ती अडते तिथला दिवा जळत राहतो. तुमच्याकडे ती रॅमपाशी अडली आहे, म्हणजे प्रोसेसरला वीज मिळते आहे आणि त्याने काम सुरूही केले आहे.

३८०० हा आकडा कुठे नडला असावा ते पाहू. डीडीआर रॅम एका ठोक्यात दोनदा माहिती पाठवते, त्यामुळे ३८०० वेगाच्या रॅमचे प्रत्यक्ष घड्याळ १९०० मेगाहर्ट्झचे असते, आणि रायझन ५००० मालिकेत प्रोसेसरच्या आतले भाग जोडणारे इन्फिनिटी फॅब्रिकही उत्तम कामगिरीसाठी त्याच वेगाने चालवावे लागते. एएमडीने या प्रोसेसरसाठी अधिकृतपणे ३२०० पर्यंतचाच वेग सांगितलेला आहे. ३६०० पर्यंत यातले बहुसंख्य प्रोसेसर जातात. १९०० मेगाहर्ट्झचे फॅब्रिक मात्र प्रत्येकाला झेपतेच असे नाही. त्यातच तुमची रॅम ३२०० साठी विकलेली आहे. त्या वेगाला तिच्याकडून आलेली माहिती मेमरी कंट्रोलरला (प्रोसेसरमधल्या रॅम हाताळणाऱ्या भागाला) नीट वाचता आली नाही की चाचणी अडते, आणि सेटिंग तेच राहिल्यामुळे पुढच्या प्रत्येक वेळी तिथेच अडते. अपयशी प्रयत्नांनंतर अनेक बोर्ड आपोआप सुरक्षित सेटिंगवर परततात, पण सर्वच बोर्ड तसे करत नाहीत. रात्रभर प्लग काढूनही सेटिंग पुसले गेले नाही, याचे कारण बोर्डवरचा सीआर२०३२ हा ३ व्होल्टचा चपटा सेल बायोसच्या सेटिंगची ‘सीमॉस’ नावाची स्मृती जपतो, आणि नव्या बोर्डांत काही सेटिंग फ्लॅश चिपमध्येही लिहिलेली असतात. म्हणूनच केवळ सेल काढून प्रत्येक वेळी भागत नाही. बोर्डाच्या माहितीपुस्तिकेत दिलेली ‘क्लिअर सीमॉस’ ही पद्धतच वापरावी.

त्यासाठी एसएमपीएसचे (कॅबिनेटमधल्या वीजपुरवठा पेटीचे) बटण बंद करा, भिंतीतला प्लग काढा आणि मग कॅबिनेटचे पॉवर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, म्हणजे कपॅसिटरमध्ये उरलेली वीज निघून जाईल. आता बोर्डवर दोन उघड्या पिना शोधा. गिगाबाइटच्या बोर्डावर त्यांच्याशेजारी ‘सीएलआर_सीएमओएस’, एमएसआयच्या बोर्डावर ‘जेबीएटी१’ आणि असूसच्या बोर्डावर ‘सीएलआरटीसी’ अशी बारीक अक्षरे छापलेली असतात. त्या बहुधा बोर्डाच्या खालच्या कडेला किंवा सेलच्या आसपास असतात, आणि ग्राफिक्स कार्ड आड येत असेल तर ते आधी काढून ठेवावे. स्क्रू ड्रायव्हरचे टोक दोन्ही पिनांना एकाच वेळी दहा सेकंद टेकवून धरा. प्लग लावलेला असताना हे कदापि करू नका, आणि शेजारच्या यूएसबीच्या पिनांना टोक लागणार नाही याची काळजी घ्या. काही बोर्डांवर तीन पिना आणि एक टोपी असते. तिथे टोपी काही सेकंद दुसऱ्या जोडीवर बसवून परत मूळ जागी आणावी लागते. ती परत आणायची राहिली तर संगणक सुरूच होत नाही, आणि इथे पुष्कळजण घाबरून जातात.

यानंतर प्लग लावून संगणक सुरू करा आणि संयम ठेवा. सेटिंग पुसल्यावर बोर्ड रॅमशी नव्याने जुळवून घेतो, त्यात पडदा काही काळ काळा राहतो आणि संगणक एकदोनदा आपोआप बंद होऊन पुन्हा सुरूही होऊ शकतो. नेमक्या याच वेळी बटण दाबून तो बंद केला जातो आणि ‘सीमॉस पुसूनही उपयोग झाला नाही’ असा निष्कर्ष काढला जातो. किमान पाच मिनिटे हात लावू नका.

तरीही डिस्प्ले आला नाही, तर एकच रॅम ठेवा आणि ती प्रोसेसरपासून दुसऱ्या खाचेत, दोन्ही बाजूंनी टक् असा आवाज येईपर्यंत दाबून बसवा. मग त्याच खाचेत दुसरी रॅम लावून पाहा. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डालाच जोडलेली आहे ना, हेही पाहा, कारण ५६०० मध्ये स्वतःचे ग्राफिक्स नाही आणि बोर्डावर एचडीएमआयची जागा दिसत असली तरी तिच्यातून चित्र येणार नाही. एवढे करून दोन्ही रॅम अपयशी ठरल्या, तर मित्राची चालू स्थितीतली डीडीआर४ रॅम लावून पाहावी. तीही चालली नाही, तरच प्रोसेसर, बोर्ड किंवा एसएमपीएसवर संशय घ्यावा.

डिस्प्ले आल्यावर लगेच विंडोजमध्ये जाण्याची घाई करू नका. आधी बायोसमध्ये शिरून तारीख आणि वेळ लावा, बूट पद्धत पूर्वीप्रमाणे यूईएफआय आहे आणि साटा मोड (डिस्क हाताळण्याची पद्धत) पूर्वीचाच आहे याची खात्री करा. एक्सएमपी, म्हणजे रॅम बनवणाऱ्या कंपनीने ठरवलेले वेग आणि व्होल्टेजचे तयार प्रोफाइल, अजून बंद राहू द्या. रॅम २१३३ किंवा २६६६ अशा संथ वेगाने चालेल, आणि आज तेच हवे आहे. मग विंडोज सुरू करून पहिले काम म्हणजे प्रकल्पाची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या. सीमॉस पुसल्याने डिस्कवरच्या फायलींना धक्का लागत नाही. खरा धोका उलट परिस्थितीत असतो, म्हणजे अस्थिर रॅमवर विंडोज कसेबसे सुरू होते तेव्हा, कारण रॅममध्ये बिघडलेला मजकूर तसाच डिस्कवर लिहिला जातो आणि ते आठवड्यानंतर एखादी फाइल उघडेनाशी झाल्यावर लक्षात येते. तुमचा संगणक विंडोजपर्यंत पोहोचलाच नाही, ही त्या दृष्टीने चांगली गोष्ट झाली.

पुन्हा वेग वाढवायचा असेल, तर एका वेळी एकच गोष्ट बदला. तुम्ही रॅम आणि प्रोसेसर एकदम बदलले, त्यामुळे दिवा नसता तर दोष कुणाचा हे कळलेच नसते. आधी एक्सएमपी लावून ३२०० वर मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम चालवा. त्यात एकही चूक आली तर तो वेग नापास समजा, ‘एखाददुसरी चूक चालते’ असे इथे नसते. मग हवे तर ३६०० वर तीच परीक्षा घ्या. माझ्या मते तुम्ही तिथेच थांबावे. प्रोसेसरचे म्हणाल, तर ५६०० कंपनीच्या सेटिंगवर स्वतःच ४.४ गिगाहर्ट्झपर्यंत जातो, ४.६ साठी वाढीव व्होल्टेज आणि उष्णता सोसून गेममध्ये जाणवेल एवढा फरक क्वचितच पडतो.

व्होल्टेजबद्दल मात्र कळकळीने सांगतो. चुकीचा वेग संगणक अडवतो, चुकीचे व्होल्टेज भाग जाळते. डीडीआर४ चे मूळ व्होल्टेज १.२ आणि ३२०० च्या एक्सएमपीचे सहसा १.३५ असते; स्थिरता येईना म्हणून ते अंदाजाने वाढवत नेऊ नका. २०२३ मध्ये रायझन ७००० मालिकेतले काही प्रोसेसर रॅमचे तयार प्रोफाइल लावल्यानंतर जळाले, कारण त्या प्रोफाइलसोबत काही बोर्ड सॉक व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरसारख्या भागांना मिळणारे व्होल्टेज) बेसुमार वाढवत होते, आणि त्यानंतर एएमडीने ते १.३ व्होल्टवर मर्यादित केले. बायोसने ‘ऑटो’मध्ये ठरवलेला आकडाही एकदा डोळ्यांखालून घालावा.

प्रश्न : सीमॉस पुसल्यावर संगणक सुरू झाला, पण आता निळ्या पडद्यावर बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलुपाची) ४८ अंकी किल्ली मागितली जाते. मी असे काही कधी लावले नव्हते.
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलेल्या अनेक संगणकांवर विंडोज डिस्क आपोआप कूटबद्ध करते, त्यामुळे तुम्ही स्वतः काही लावलेले नसणे शक्य आहे. सीमॉस पुसताना प्रोसेसरमधील टीपीएम (कूटबद्धतेच्या किल्ल्या जपणारी सुरक्षा व्यवस्था) बंद झाले असावे, म्हणून आधी बायोसमध्ये जाऊन एएमडीवर ‘एफटीपीएम’ किंवा इंटेलवर ‘पीटीटी’ चालू करा आणि सिक्युअर बूट (फक्त विश्वासार्ह प्रणालीच सुरू होऊ देणारी सेटिंग) पूर्वीसारखे ठेवा. पुष्कळदा एवढ्यावर किल्ली न मागता विंडोज उघडते. एफटीपीएम रीसेट करायचे का, असे विचारणारा संदेश सुरुवातीला आला, तर ‘एन’ दाबा, ‘वाय’ नव्हे. तरीही किल्ली मागितली गेली, तर दुसऱ्या संगणकावरून किंवा फोनवरून त्याच मायक्रोसॉफ्ट खात्यात शिरून उपकरणांच्या यादीत ती शोधा आणि पडद्यावरच्या ओळख क्रमांकाशी जुळवून घ्या. संगणक कार्यालयाने दिलेला असेल तर ती तिथल्या आयटी विभागाकडे असते. ती मिळेपर्यंत कुणी सांगितले तरी डिस्क फॉरमॅट करू देऊ नका.