गौरवग्रंथात मुलीने काय लिहावे?

प्रश्न : माझे वडील नागपुरातील नामवंत प्राध्यापक आणि वक्ते आहेत. येत्या हिवाळ्यात त्यांचे सहस्रचंद्रदर्शन असून सत्कार समिती त्यानिमित्त गौरवग्रंथ काढत आहे. त्यात ‘माझे बाबा’ या विषयावर मी लेख द्यावा, असा समितीचा आग्रह आहे. धरमपेठेतल्या आमच्या घरी सकाळपासून विद्यार्थ्यांची वर्दळ असे आणि बाबा त्यांच्याशी अतिशय मायेने बोलत. दुपारी विद्यार्थी उठून गेले की घरात कोणी आवाजही करायचा नाही. माझी दहावीची गुणपत्रिका त्यांनी पाहुण्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवली होती. वसतिगृहातून मी पाठवलेली पत्रे शुद्धलेखनाच्या चुका लाल शाईने दुरुस्त होऊन परत येत. त्यांत उत्तराची एक ओळही नसे. भाऊ पुण्याला स्थायिक झाला असून तो फोन करतो तो फक्त आईला. मी कधी कोणाजवळ मन मोकळे केले, तर ‘अगं, सरांची मुलगी तू, केवढी भाग्यवान!’ हेच ऐकावे लागले. मला खोटे लिहायचे नाही आणि बाबांना या वयात दुखवायचेही नाही. नकार दिला तर आईला वाईट वाटेल. मी काय करावे?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : सप्रेम नमस्कार. ‘केवढी भाग्यवान’ हे वाक्य मी आपल्या पत्रात पुन्हा पुन्हा वाचले. चारचौघांसारख्या घरात बाप तापट असला, तर आत्या, मावशी, शेजारी असे कोणीतरी मुलाची बाजू घेते, निदान ‘त्यांचा स्वभावच तसा’ एवढे तरी म्हणते. ज्या माणसाने गावातल्या शेकडो लोकांना काही ना काही दिलेले असते, त्याच्या मुलांना हा आधार मिळत नाही. त्यांची तक्रार कृतघ्नपणाची वाटते आणि वर्षानुवर्षे तेच ऐकून मूल अखेर स्वतःच्या आठवणींवर शंका घेऊ लागते. म्हणून आधी हे सांगतो, की आपल्याला आठवते ते खरे आहे. विद्यार्थ्यांना मिळालेली मायाही खरी होती. एकाच माणसाने दोन ठिकाणी दोन तऱ्हेने वागणे शक्य असते, आणि त्यांतील एक बाजू पुढे करून दुसरी खोटी ठरवण्याचे काम आपल्यावर नाही.

महाराष्ट्रात याविषयी कोणी स्पष्ट लिहिलेच नाही, असे नाही. महर्षी कर्वे यांनी 1896 मध्ये अनाथ बालिकाश्रम आणि 1916 मध्ये महिला विद्यापीठ उभे केले; त्या कार्याची आर्थिक आणि मानसिक झळ त्यांच्या पत्नीने व मुलांनी सोसली. त्यांच्या सून इरावती कर्वे यांनी सासऱ्यांवरील लेखात आदर जराही न सोडता, त्यांची सून होता आले हे आपले भाग्य आणि त्यांची पत्नी व्हावे लागले नाही हे त्याहून मोठे भाग्य, अशा अर्थाचे लिहून ठेवले आहे. मला हा लेखनातील प्रामाणिकपणाचा नमुना वाटतो. तरीही तो आपल्याला जसाच्या तसा उपयोगी पडेल असे मी म्हणणार नाही, कारण सून मोठेपणी घरात येते. तिचे बालपण त्या घरात दुखावलेले नसते. मुलीला तेवढे अंतर मिळत नाही.

दुसरे उदाहरण फार वेदनेचे आहे. गांधीजींचे थोरले चिरंजीव हरिलाल यांना शिक्षणासाठी विलायतेला जायचे होते. वडिलांनी ती संधी इतरांना दिली. 1915 मध्ये हरिलाल यांनी वडिलांना उद्देशून लिहिलेले खुले पत्र छापून काढले. त्यातील दुःख खरे होते, परंतु ते जगासमोर मांडल्याने पितापुत्रांतले अंतर मिटले नाही, आणि वडिलांच्या हत्येनंतर पाच महिन्यांच्या आत हरिलालही गेले. हेच हरिलाल एकदा कटनी स्थानकावर आईवडिलांच्या गाडीपाशी आले होते, तेव्हा त्यांनी जयजयकार केला तो आपल्या आईचा, कस्तुरबांचा. हे मी आपल्याला भीती घालण्यासाठी सांगत नाही. जे वडिलांनी ऐकायला हवे होते, ते वाचकांनी ऐकून मनाची भूक भागत नाही, एवढ्याचसाठी सांगतो.

म्हणून दोन लेखने वेगळी करावीत. पहिले फक्त स्वतःसाठी : गुणपत्रिका, लाल शाई, दुपारची ती शांतता, सगळे काही कोणाचा मुलाहिजा न ठेवता लिहावे. भावाशीही बोलावे. एकाच घरातल्या दोन भावंडांना वडील वेगवेगळे भेटलेले असतात, आणि आपल्या आठवणीला साक्षीदार असणे ही आपल्याला आजवर न मिळालेली गोष्ट आहे. हे करताना झोप उडाली किंवा मन सावरेनासे झाले, तर समुपदेशकाची मदत अवश्य घ्यावी. शासनाची टेली-मानस ही सेवा 14416 या क्रमांकावर विनामूल्य मिळते.

गौरवग्रंथातला लेख हे दुसरे लेखन. असल्या ग्रंथांत घरच्यांचे लेख बहुधा सर्वांत निस्तेज असतात, कारण ते धास्तीने लिहिलेले असतात. आपण ‘माझे बाबा’ हा विषय घेऊच नये, असे माझे मत आहे. त्याऐवजी ते घर रोज कसे चालत होते, हे लिहावे : सकाळी किती वाजता पहिला विद्यार्थी येई, चहाची भांडी कोण विसळे, ऐन जेवणाच्या वेळी आलेल्या माणसासाठी आई कणीक पुन्हा कशी भिजवी, बाबा व्याख्यानाची टिपणे कशी काढत. हे सगळे आपण डोळ्यांनी पाहिले आहे, त्यात खोट्याचा लवलेश नाही आणि आईच्या कष्टांची नोंद एरवी त्या ग्रंथात कोणी करणार नाही. लिहिण्यापूर्वी मात्र आईला विचारावे, कारण आयुष्य तिचे आहे. ‘प्रेमळ पिता’ यांसारखी जी विशेषणे आपल्या लेखणीतून येत नाहीत, ती घालू नयेत. त्यांची उणीव कोणाला जाणवली, तर जाणवू द्यावी.

एवढेही जमत नसेल, तर नकार द्यावा. प्रकृतीचे किंवा कामाचे खोटे कारण देऊ नये. ‘मला लिहिणे शक्य होणार नाही, ग्रंथास शुभेच्छा’ इतके पुरते. आईला ते समितीकडून कळण्याआधी आपण स्वतः समोर बसून सांगावे. लेख द्यायचे ठरले, तर आपल्याला न दाखवता एकही शब्द बदलू नये आणि शीर्षक आपणच ठरवू, या दोन अटी संपादकांकडून लेखी मान्य करून घ्याव्यात. ‘माझे बाबा’ हे शीर्षक त्यांनी आधीच योजले आहे आणि छपाईच्या गडबडीत ते तसेच राहण्याची शक्यता मोठी आहे.