सांगलीत राहतो. कुष्ठरुग्णांच्या वसाहतीत दर रविवारी मदतीला गेलो, तर मला लागण होईल का?

जवळजवळ नाहीच, बिनधास्त जा. हात मिळवून किंवा शेजारी बसून जेवून कुष्ठरोग होत नाही. उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या दीर्घ सहवासातूनच तो संभवतो, आणि बहुतेकांच्या अंगी त्याविरुद्ध प्रतिकारशक्ती असतेच. बहुविध औषधोपचार (६ किंवा १२ महिने, सरकारी दवाखान्यात मोफत) सुरू झाले की संसर्ग थांबल्यात जमा. वसाहतीतले बहुतेक जण तर कधीच बरे झालेत, उरलीय ती बधिरता. म्हणून खरी मदत हीच: पाय पाण्यात भिजवून तेल लावायला सोबत करणं, तळव्याची न जाणवलेली जखम शोधणं, एमसीआर चपला (बधिर पायांसाठीच्या मऊ रबरी तळाच्या) झिजल्यात का बघणं. (फळवाटप आणि फोटो पुष्कळ होतात.) मात्र ड्रेसिंग शिकल्याशिवाय करू नका, मिरजेच्या रिचर्डसन कुष्ठरोग रुग्णालयात आधी विचारा.