ओढ्यात बंधारा की शेतात बांध?

प्रश्न : पहिल्या मोठ्या पावसात आमच्या ओढ्याला काळे गढूळ पाणी येते आणि विहिरींच्या तपासणीत नायट्रेट जास्त आढळले आहे. गावाचा कल सिमेंट बंधाऱ्याकडे आहे. मला शेतातली कामे आधी व्हावीत असे वाटते. काय निवडावे? — एक शेतकरी, बार्शी तालुका

उत्तर : तुमच्या या दोन तक्रारींचा उपाय एक नाही. स्फुरद (खतातला फॉस्फरस) मातीच्या कणांना धरून राहते, म्हणून ते गाळाबरोबर ओढ्यात जाते. नायट्रेट मात्र पाण्यात विरघळून पाझराबरोबर खाली विहिरीपर्यंत उतरते. बंधारा गाळ अडवील, पण वरची माती सुटत राहिली तर तो स्वतःच लवकर भरेल, आणि शेतातून झिरपणारे नायट्रेट त्याने मुळीच थांबणार नाही. म्हणून माथ्याकडून पायथ्याकडे यावे, हे तुमचे म्हणणे रास्त आहे.

माळाच्या मुरमाड उतारावर सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे, एकाच पातळीवर खणलेले लांब चर, योग्य ठरतात. खोल काळ्या रानात मात्र समतल बांधांचा हट्ट धरू नये, कारण तेथे पाणी लवकर मुरत नाही, ते बांधाला तुंबते, पीक पिवळे पडते आणि उन्हाळ्यात भेगाळलेला बांध पुढच्या पावसात फुटतो. अशा जमिनीत ढाळीचे, म्हणजे एका बाजूला किंचित उतार दिलेले, बांध घालून जादा पाणी गवत लावलेल्या सांडव्यातून सावकाश बाहेर काढावे. खरिपात पड ठेवून रब्बी ज्वारी घेत असाल तर पावसाळ्याच्या सुरुवातीलाच बंदिस्त वाफे, म्हणजे चारही बाजूंनी छोटे वरंबे घातलेले चौकोन, पाडावेत; सोयाबीनसाठी रुंद वरंबा-सरी (रुंद गादीवाफा आणि दोन्ही बाजूंना सरी) बरी.

नायट्रेटचा उगम आधी शोधावा. गावठाणालगतच्याच विहिरी दूषित असतील तर उकिरडा, गोठा आणि शोषखड्डे यांच्याकडे पाहावे. शिवारातल्या विहिरीही तशाच असतील तर बागायती कांद्याला आणि उसाला एकदम दिल्या जाणाऱ्या युरियाचे हप्ते पाडावेत. पिण्याच्या पाण्यातील नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. त्यापुढचे पाणी तान्ह्या बाळाला देऊ नये, आणि उकळल्याने नायट्रेट जात नाही, हे घरोघरी सांगावे. या कामाला निधीची वाट पाहण्याचे कारण नाही.

बंधारा शेवटी जरूर बांधावा. त्यातला गाळ उन्हाळ्यात काढून माळाकडच्या हलक्या रानात पसरावा. तुमच्या खोल काळ्या रानाला त्याची गरज नाही.